तिच्या हातची

“ही ती नव्हे,” रामदास म्हणाला आणि त्यानं ग्लास खाली ठेवला.

“सर, लेबल बघा ना. सेम ब्रँड आहे. सील तुमच्यासमोर फोडलंय,” चैताली म्हणाली. रामदासची चित्रं विकणाऱ्या गॅलरीत ती कामाला होती. वेगवेगळ्या दुकानांतून तिनं आणलेली रमची ही तिसरी बाटली.

“लेबल मला वाचता येतं. सगळ्या पुण्यात भेसळ चालली आहे.”

त्याचा हात थरथरत होता. समोर भिंतीएवढा कॅनव्हास उभा होता, कोरा. हिंजवडीच्या एका कंपनीच्या नव्या इमारतीत तो लागायचा होता आणि उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं. सत्यशीला गेल्यापासून रामदासनं एक रेघ ओढली नव्हती. बायको गेली तशी तिच्या हातची रमही गेली, आणि त्या रमशिवाय आपल्या हातून चित्र होणार नाही, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

रामदासची चित्रं म्हणजे तपकिरी रंग. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. ओल्या मातीपासून चुलीच्या काजळीपर्यंत नुसता तपकिरी. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतींना असलंच काहीतरी हवं होतं. पेपरात फोटो आले. नाव झालं, तसं पिणं वाढलं. एकदा तो स्वतःच्याच प्रदर्शनात, हार घातलेल्या स्थितीत पडला. डॉक्टरांनी सांगितलं, आता सोडली नाही तर पुढच्या वेळी इथपर्यंतही येणार नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर सत्यशीला एवढंच म्हणाली, “प्या तुम्ही. पण आजपासून ग्लास मी भरून देणार.”

दिवेलागणीला ती स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन यायची. बाटली ओट्यावर उभी दिसायची. सुरुवातीला चव जरा हलकी वाटली, मग तीच आवडायला लागली. घोट घसा जाळत खाली जायचा. रामदास पुढ्यात कॅनव्हास ओढायचा. हात दगडासारखा स्थिर. त्याची गाजलेली सगळी चित्रं त्याच वर्षांतली. मुलाखतीत तो सांगायचा, “माझं निम्मं काम रम करते.” पार्टीत कुणी आग्रहानं परदेशी पाजली तर दोन घोटांत त्याला ढवळून यायचं. “मला घरचीच मानवते,” तो म्हणायचा. लोक हसायचे आणि सत्यशीलाकडे बघायचे.

तिचा भाऊ श्यामसुंदर एकदा नागपूरहून आला. तो ग्लास त्यानं बघितला.

“ताई, स्वतःच्या हातानं पाजतेस याला?”

पाणीही न घेता तो उठला. परत कधी आला नाही. दुसऱ्या दिवशी सत्यशीला मंडईतून भाजी घेऊन आली, तिच्यात मिरी-लवंगांची पुडीही होती.

“एवढी लवंग लागते कशाला तुला?” रामदासनं विचारलं.

“काढ्याला.”

“कुणाला काय झालंय?”

“आहे घरातच एक दुखणाईत.”

रामदासला वाटलं, हिचंच काहीतरी दुखत असेल. कुठं दुखतंय, ते विचारायचं राहून गेलं. मग तिला खरोखरच दुखायला लागलं आणि तो पावसाळा काही तिनं पूर्ण पाहिला नाही.

“सर, रागावू नका,” चैताली म्हणाली. “पण मॅडम कधीच काही बोलल्या नाहीत तुम्हाला? सोडा वगैरे?”

हे रामदासनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“नाही. एकदासुद्धा तिनं मला अडवलं नाही. एकदा हात धरला असता, रडली असती, बाटली फोडली असती, तर दारू सुटली असती कदाचित. तिनं आपला ग्लास आणून दिला. मी गप्प बसलो की तिचं भागत होतं.”

मेलेल्या बायकोवर माणसानं रागावू नये, हे त्याला कळत होतं. पण राग जात नव्हता.

मग तो एकदम उठला. “तिनं आणून ठेवलेली एखादी राहिली असेल. तीच खरी.”

स्वयंपाकघरात त्यानं स्टूल घेतलं. वरच्या फळीवर डाळींच्या डब्यांमागे हात घातला. बाटली हाताला लागली. तेच लेबल. गळ्यापर्यंत भरलेली.

“सापडली!” तो लहान पोरासारखा ओरडला. “चैताली, ग्लास आण!”

त्यानं बूच फिरवलं आणि तो थबकला. आत पांढरी बुरशी धरली होती. मऊ, कापसासारखी. त्यानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रमला बुरशी धरत नाही. त्यानं वास घेतला. आंबट वास होता आणि त्याखाली मिरी, लवंग, जळका गूळ. आणि कोरा चहा.

त्यानं पुन्हा डब्यांमागे हात घातला. रमची छोटी बाटली निघाली, जेमतेम दोन बोटं कमी झालेली. तिच्यावर औषधाचं टोपण पालथं घातलेलं होतं. नुसत्या वासापुरतं, ग्लासामागे टोपणभर.

तपकिरी रंगावर नाव कमावलेल्या माणसानं रोज आपल्याच ग्लासातला तपकिरी कधी नीट बघितला नव्हता.

चैताली ग्लास घेऊन दारात आली. रामदास फरशीवर बसला होता. बाटली त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“काय झालं, सर? हीपण भेसळ?”

“मघाशी मी खोटं बोललो तुझ्याशी,” रामदास म्हणाला. “अडवत होती ती मला. रोज संध्याकाळी. स्वतःच्या हातानं.”