तिघांत एकच अंडं

ईस्टरची मिस्सा आटोपून दोघे भाऊ थोरल्या बहिणीकडे, दुल्सीनकडे, जेवायला आले. तिने मुद्दामच बदामाच्या गोड मार्झिपॅनचं एकच अंडं टेबलावर ठेवलं. लहानपणी अशाच अंड्यावरून तिघांची झिंज्या उपटेपर्यंत जुंपायची. हल्ली मात्र भाऊ पाहुण्यांसारखे जेवून पळायचे. तिला जुने भाऊ परत हवे होते.

"बस्त्याव, तू घे," पास्कू म्हणाला.

"छे, मला शुगर. ताईला दे."

ताई हिरमुसली. "बरं, मीच खाते," म्हणत तिने अंडं उचललं.

"सत्तरी आली तरी हावरट ती हावरटच!" पास्कू उसळला.

"तू गप! माझा वाटा तूच गिळायचास!" बस्त्यावने अंड्यावर झडप घातली.

ओढाताणीत अंडं फुटलं, तिघेही कोकलू लागले. सून धावत आली. "आई, भांडण कसलं?"

"भांडण नाही गं," दुल्सीन हातातला तुकडा तोंडात कोंबत म्हणाली, "ईस्टर आहे."