काढलेला पार्ट

वरूडच्या शेडमधलं संत्री निवडायचं मशीन ज्या जुनाट कम्प्युटरवर चालायचं, तो सकाळपासून बूट होत नव्हता. बाहेर संत्र्यांनी भरलेले आठ ट्रॅक्टर उन्हात तापत होते. अमरावतीहून आलेल्या धर्मेंद्र इंजिनियरनं रॅम पुसली, सेल बदलला, सगळ्या केबली काढून पुन्हा बसवल्या. स्क्रीन काळी ती काळीच.

मशीन चालवणाऱ्या सत्यवतीबाई अनवाणी दारात उभ्या होत्या.

"साहेब, पायातले बूट काढा अन् मंग चालू करून पाहा."

"काहून? त्यानं काय होईन?"

"वीस वर्सं झाले, ह्या खोलीत कोनी बूट घालून आलं नाही. रुसला असन तो."

धर्मेंद्रनं चिडून बूट काढले, दाराबाहेर भिरकावले आणि बटण दाबलं. कम्प्युटरनं 'पीप' असा आवाज केला. पट्टा फिरला, संत्री पळू लागली.

कंपनीच्या ॲपवर रिपोर्ट भरल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. खोटं काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यानं खरंच लिहिलं: 'दोष: बूट. उपाय: बूट काढले.'

पाच मिनिटांत पुण्याच्या हेड ऑफिसचं उत्तर आलं. धर्मेंद्रनं ते मोठ्यानं वाचलं: 'शाब्बास. काढलेला पार्ट नियमाप्रमाणे आजच कुरिअरनं जमा करा.'

सत्यवतीबाई संत्र्याचं रिकामं खोकं घेऊन आल्या.

"दोनी धाडा लागते साहेब, का एकच?"