नुसती सूज

नागपूरहून अड्याळला परतून आठवडा झाला, तरी मोतीलालने गोळ्यांची पट्टी फोडली नव्हती.

"बाबा, किती वेळा सांगू? कॅन्सर नाही!" भूषण वैतागला. "स्वादुपिंडाले नुसती सूज आहे. शरीर आपल्याच स्वादुपिंडासंग भांडून राहिलं, म्हणून कावीळ झाली. गोळ्यांनं उतरते. डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं ना?"

"मंग दर सहा महिन्यानं तपासाले कायले बोलावते?"

"अशी सूज आलेल्याले पुढं कधी कॅन्सर होऊ शकते म्हणते. होतेच असं नाही. डॉक्टरलेही पक्कं सांगता येत नाही. म्हणून नुसती नजर ठेवाची."

"म्हणजे आहे."

"नाही ना, बाबा!" भूषणने पट्टी खाटेवर आपटली. "रिपोर्ट दाखवला, डॉक्टरसंग फोनवर बोलाले लावलं. आता अजून काय करू? मेलेल्या मायची शपथ घेऊ?"

त्याचा आवाज फाटला. मोतीलालने गुपचूप पट्टी उचलली, एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

भूषणने सुटकेचा श्वास टाकला. "पटलं ना आता?"

मोतीलालने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुह्या मायले कॅन्सर होता, तवा 'नुसती सूज आहे' म्हणून तिले सांगाले मीच तुले शिकवलो होतो. तवा तुले धड खोटं बोलताही येत नोव्हतं," तो म्हणाला. "आता मस्त जमते, लेका."