ढोलकीखालचं बोलणं

गाणं मिक्सिंगसाठी मुंबईला धाडण्याआधी एकेक ट्रॅक सुटा ऐकायचा, खोकणं, खाकरणं छाटायचं, हा सूर्यभानचा शिरस्ता. कुसुमबाईंचं नामांतराचं गाणं त्यानं कालच त्यांच्या वस्तीवरच्या विहारात टेप केलं होतं. सकाळी बाई परभणीला येऊन कच्ची कॅसेट घेऊन गेल्या. “काल ठरलं तसं पाचाला समदी वस्ती विहारात बसून ऐकणार हाय, दादा.” आता त्यानं ढोलकी बंद केली, पेटी बंद केली. उरला बाईंचा एकटा गळा. कडवं संपलं, बाई श्वासाला थांबल्या, आणि विहाराच्या खिडकीबाहेरून कुणीतरी हळूच बोललं, “उद्या समदे आत बसले की बाहीरून कडी घाल. राकेल मी आणतो.” सूर्यभाननं टेप मागं नेऊन पुन्हा ऐकली. घड्याळात सव्वापाच वाजले होते. वस्तीत फोन नव्हता. तिकडं कॅसेट लागली असेल, आणि ह्या बोलण्याच्या जागी सगळ्यांना ढोलकीच ऐकू आली असेल.