नूरीचा खरारा

वरातीची घोडी बाळगणाऱ्या लातूरच्या खाजामियाँना तबेल्यात दम लागायचा. दंडावर सुया टोचून डॉक्टरांनी घोड्याची ॲलर्जी सांगितली. काळजावर दगड ठेवून खाजामियाँनी आपली घोडी नूरी विकली. तबेल्यात कोचिंगच्या पोरांची अभ्यासिका झाली. दम हटलाच नाही. रक्ताच्या नव्या तपासणीचा कागद आला. "चाचा, यात एकेक प्रथिन सुटं पाहतात. तुम्हाला बाधतं ते मांजर. घोडीचं प्रथिन तसंच दिसतं, म्हणून आळ तिच्यावर आला," डॉक्टर म्हणाले. "म्हंजी नूरीचा गुन्हाच नव्हता?" तबेल्यातलं मांजर आता खाजामियाँच्या उशाशी निजायचं. नूरीनं परक्या हातचा हरभरा खाल्ला नव्हता. विकल्यावर महिन्यातच मेली होती. घरी येऊन त्यांनी तिला घासायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला खरारा बाहेर काढला. त्याच्या दातांत नूरीचे पांढरे केस होते. नाकाला लावून खोल श्वास ओढला. दम लागला नाही. लागला असता, तर बरं झालं असतं.