झोपेतलं घड्याळ

भालचंद्र ओगलेने डोळे उघडले तेव्हा डब्यात तो एकटाच होता. झाडूवाला त्याच्या पायांशी थांबून म्हणाला, "बाबू, सियालदह." उतरायचं होतं बालीगंजला, ते केव्हाच मागे पडलं होतं. आठवड्यातली ही तिसरी खेप.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. पण भालचंद्रची झोप म्हणजे कलकत्त्यातल्या मराठी मंडळींत गाजलेली चीज. बजबजच्या तेलाच्या डेपोत तो दिवसभर तेलाचे नमुने तपासायचा. संध्याकाळच्या गाडीत बसला की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा, आणि बालीगंज आलं की बरोबर जागा व्हायचा. चार वर्षं. एकदाही चूक नाही. मराठी मंडळाच्या हस्तलिखित अंकात त्याने यावर चांगला आठ पानी लेख ठोकला होता. माणूस झोपला तरी मेंदूचा एक कोपरा जागा राहतो, तो गाडीचे धक्के मोजतो, वगैरे वगैरे. पुरावा काय, तर स्वतः लेखक. "डोळे उघडावेत तर समोर बालीगंजचा फलाट," तो रंगात येऊन सांगायचा, "आणि दारातून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याची पाठ, काखेत छत्री. रोज तेच चित्र. काट्यावर काटा."

तेव्हापासून मंडळात त्याला घड्याळच म्हणायचे.

आता घड्याळ बिघडलं होतं, आणि भालचंद्रला धास्ती वेगळीच होती. त्याचे वडील पन्नाशीत विसरायला लागले होते. आधी ट्रामचा नंबर, मग घराचा रस्ता. शेवटी शेवटी तर भालचंद्रलाच विचारायचे, "आपण कोण?" भालचंद्र आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पदरी तीन मुली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, जीभ पाहिली, टॉनिक दिलं. त्याने काय होणार? बायको श्यामला सकाळी चहा घेऊन आली, तर हा खिडकीशी उभा राहून मुलींची नावं आणि जन्मतारखा पुटपुटत होता. उजळणीच चालली होती म्हणा ना. तिने कप ठेवला आणि आत जाऊन डोळे पुसले. सासऱ्यांचं शेवटचं वर्ष तिनेच काढलं होतं.

"आज झोपू नका गाडीत," निघताना ती म्हणाली. "एवढं माझं ऐका."

संध्याकाळी तो ताठ बसला. पेंग आली की मांडीला चिमटा घ्यायचा. समोर निमाईबाबू येऊन बसले. हे बजबजच्या शाळेतले मास्तर, रोज याच डब्यात असायचे, पण गेला आठवडाभर दिसले नव्हते. चेहरा पार उतरला होता.

"ताप होता," ते म्हणाले. "पण तुमचं हे काय चाललंय? झोपा की, ओगलेबाबू. मी उठवतो बालीगंजला."

"तुम्ही कशाला?"

निमाईबाबू चपापले. मग म्हणाले, "इद्रिस मियाँ जाताना सांगून गेले म्हणून. छत्रीवाले शिंपी हो. रोज तुमच्या बुटाला छत्रीचं टोक लावून उतरायचे ते. मागच्या रविवारी बिऱ्हाड घेऊन ढाक्याला गेले. मला म्हणाले, बाबूंना आता तुम्ही उठवत जा. आणि मी नेमका आजारी पडलो."

भालचंद्रच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला. मेंदू शाबूत होता. श्यामलाला केव्हा एकदा सांगतो असं त्याला झालं. मग आठ पानी लेख आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"चार वर्षं उठवलं, आणि एका शब्दाने बोलले नाहीत?"

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका. तर म्हणाले, नको. कळलं तर ओशाळतील आणि झोपायचेच नाहीत."

गाडी माझेरहाटला थांबली. निमाईबाबूंनी बाहेर बोट दाखवलं. "हे त्यांचं स्टेशन."

"म्हणजे? ते तर बालीगंजला उतरायचे."

"तुमच्यासाठी. मग उलट्या गाडीने माघारी यायचे. शेहेचाळीसच्या दंग्यात त्यांचा मुलगा गेला. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा मला म्हणाले, हे बाबू झोपले की त्यांच्याकडे बघता बघता माझेही डोळे जरा निवतात. दिवसभरात तेवढीच काय ती विश्रांती."

गाडी सुटली. भालचंद्र मागे जाणाऱ्या फलाटाकडे पाहत राहिला. त्या माणसाचा चेहरा आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. पाठ आठवली, छत्री आठवली. चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

बालीगंजला तो जागाच उतरला. घरी श्यामला दारात उभी होती. त्याला वेळेवर आलेला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"लागलं बाई एकदाचं घड्याळ ठिकाणावर," ती म्हणाली.

भालचंद्रने पायातले बूट काढले. उजव्या बुटाच्या टोकाशी कातड्यावर एक लहानसा खळगा पडला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"नाही गं," तो म्हणाला. "ते ढाक्याला गेलं."