छापा पडला तर हो

"छापा पडला तर काही विचार न करता 'हो' म्हणायचं. काटा पडला तर जे खरं असेल ते सांगायचं. आणि काय पडलं ते मला दाखवायचं नाही," सर्वेक्षणाला आलेली मुलगी म्हणाली आणि तिने जेवणाच्या टेबलावर एक नाणं ठेवलं.

"म्हणजे कोणी हो म्हटलं, तर ते मनातलं की नाण्याचं, हे तुम्हालाही कळणार नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही ना! म्हणून तर लोक मोकळेपणाने उत्तर देतात, आजोबा. शेजारी कोणी बसलं असलं तरी बिघडत नाही."

अण्णा एकदम खूश झाले. दुकानादुकानातली वजनमापं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. खोट काढायला जागाच नाही अशी पद्धत पाहिली की त्यांना फार बरं वाटायचं. शेजारी कोणी बसलं तरी चालतं म्हटल्यावर ते उत्तर द्यायला बसलेल्या सुनेशेजारी खुर्ची ओढून बसलेच. सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायची सुरी बाजूला ठेवली.

मुलीने प्रश्न वाचला, "घरातल्या वडीलधाऱ्यांनी वेगळं राहावं, असं गेल्या वर्षभरात तुमच्या मनात कधी आलं का?"

सुनेने नाणं उडवलं, झेललं, ओंजळ किंचित उघडून आत पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, "हो."

मुलीने टॅबवर बोट टेकवलं. तिच्या दृष्टीने विषय संपला.

अण्णांचा तिथून सुरू झाला. छापा पडला असेल, दुसरं काय? पण छापा बघायला एवढा वेळ लागतो? मग काटा. पण काटा असता आणि मनात तसं असतं, तर सासऱ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणून मोकळी झाली नसती का? म्हणजे छापाच. पण हिला खोटं बोलता येत नाही, हे तर आपणच चार लोकांत कौतुकाने सांगतो. एकाच सुनेबद्दल त्यांच्या डोक्यात दोन निकाल तयार झाले आणि दोन्ही पटायला लागले. सकाळीच तिने त्यांचा चष्मा शोधून, काचा पुसून हातात दिला होता. अण्णांना वाईट वाटलं. नेमकं कशाचं वाटून घ्यावं तेही कळेना, म्हणून जास्तच वाटलं.

"यातून तुम्हाला कळणार तरी काय?" त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"चार हजार घरं आहेत. साधारण निम्म्यांना छापा पडणार. त्यांचे 'हो' बाजूला काढले की बाकीच्यांत किती जणांना खरंच तसं वाटतं, ते कळतं."

"आणि या घराचं?"

"या घराचं नाही कळत," मुलगी अभिमानाने म्हणाली. "तीच तर गंमत आहे. आता तुम्ही, आजोबा. मुलगा-सुनेपासून वेगळं राहावं, असं गेल्या वर्षभरात तुमच्या मनात कधी आलं का?"

अण्णांनी नाणं उडवलं. ते टेबलाखाली गेलं. वाकून, पाठ धरून त्यांनी ते शोधलं. काटा.

गेल्या महिन्यात चप्पल कपाटात ठेवण्यावरून बोलाचाली झाली होती. अण्णा तडक उठून समोरच्या इमारतीतली एक खोली पाहून आले होते. नुसती पाहिली नव्हती, पलंग कुठे बसेल ते पावलांनी मोजलंही होतं. मग घरी येऊन, हातपाय धुऊन, सुनेने वाढलेलं मुकाट्याने जेवले होते आणि वर आणखी एक पोळी मागून घेतली होती. याला मनात येणं म्हणायचं? राग होता, तासाभरात गेला. पण आलं होतं. खोटं कसं म्हणणार? आणि खरं म्हटलं तर ते खरं तरी कुठे आहे?

आपण टेबलाखाली किती वेळ लावला, हे त्यांच्या उशिराच लक्षात आलं.

"हो," ते म्हणाले.

सुनेने नुकतीच उचललेली सुरी तशीच हातात राहिली.

मुलीने आभार मानले, नाणं पिशवीत टाकलं आणि ती शेजारचं दार वाजवायला गेली. अण्णांनी पेपर उघडला. सुनेने चिरलेली भाजी पुन्हा एकदा धुतली.

"अण्णा," ती नळाकडे तोंड करूनच म्हणाली, "माझा छापा होता हं."

"अगं, मला माहीत आहे की! मी कुठे काय म्हटलं?" अण्णांनी एवढा मोठा श्वास सोडला की पेपर हलला. त्यांना वाटलं, उगाच आपण जिवाला घोर लावून घेतला. पोर सरळ आहे. सरळच बोलली.

"आणि तुमचा?" तिने वळून विचारलं. तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"छापाच की," अण्णा म्हणाले.

सून हसली. अण्णाही हसले. हसताहसताच त्यांच्या लक्षात आलं, की आपण अगदी तिच्यासारखंच बोललो, जराही न अडखळता.